परसदाराकडून पाथरी

पाथरी जुनं गाव. किती जुनं, ते विचारलं की प्रत्येकजण वेगळं सांगतो. विहीर खणायला घेतली की पुरुषभर खोलीवर विटा लागतात आणि विटा लागल्या की खणणारे हात थांबवून विडी पेटवतात, एवढं मात्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मी तिथल्या एका शाळेत भूगोल शिकवायची. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. आई आणि मी गावाबाहेर आमच्या बौद्धवस्तीत राहायचो. वडील मी शिकत असतानाच गेले होते. दुष्काळात आईने रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती आणि माझा पगार येत असूनही ती काम सोडायला तयार नव्हती. आमच्या वस्तीचं नाव आम्ही छप्पन सालानंतर बदललं होतं. गावाच्या बोलण्यात ते बदलायला बरीच वर्षं लागली.

वस्तीच्या मागे पडक्या गढीचं टेकाड होतं. भिंती केव्हाच ढासळलेल्या, उरली होती पांढरी माती. घरं सारवायला बाया ती माती पाट्या भरभरून न्यायच्या. आईनेही लहानपणापासून नेलेली, आपल्या घरासाठी आणि लोकांच्या घरांसाठी. बघायला म्हणून मात्र तिथे कोणी चढत नसे. बघण्यासारखं काय होतं, गावच तर होतं.

औरंगाबादला बी.एड. करताना आमच्या भूगोलाच्या प्राध्यापिका आम्हाला एका टेकडीवर घेऊन गेल्या होत्या. त्यांनी खडूने एक वर्तुळ काढलं, मला मध्ये उभं केलं आणि म्हणाल्या, "जागा सोडायची नाही. फक्त वळायचं. समोर येईल ते काढायचं, आवडेल ते नाही." असं काढलेलं चौफेर चित्र भिंतीवर सपाट लावत नाहीत. ते गोल लावतात आणि पाहणारा मध्ये उभा राहतो. बाहेरच्या देशांत याच्यासाठी खास गोल इमारती बांधलेल्या आहेत, असंही त्यांनी सांगितलं. मी ते वहीत लिहून घेतलं आणि नोकरी लागल्यावर चार वर्षं विसरून गेले.

आठवलं ते स्नेहसंमेलनाच्या वेळी. दरवर्षीच्या प्रदर्शनात थर्माकोलचा ताजमहाल आणि लाल दिवा लागणारा ज्वालामुखी असायचा. मला दोन्हींचा कंटाळा आला होता. मी हेडमास्तरांना म्हटलं, "सर, यंदा आपण पाथरीच दाखवू. गढीवरून जशी दिसते तशी, चारही बाजूंनी."

"उत्तम," ते म्हणाले. "खर्च किती?"

खर्च फारसा नव्हता, म्हणून लगेच हो म्हणाले.

भांडारात एक मोडकी खिडकी पडली होती. तिची चौकट घेतली, खिळे मारून त्यात उभे-आडवे दोरे ताणले. टेकाडाच्या माथ्यावर मधोमध एक खुंटी ठोकली, तिच्याभोवती चुन्याचं वर्तुळ काढलं, वर्तुळाचे सोळा भाग केले. खुंटीपाशी उभं राहायचं, चौकट एका भागासमोर टेकवायची, दोऱ्यांच्या चौकोनांत जे दिसेल ते कागदावर तेवढ्याच चौकोनांत उतरवायचं. एका दिशेला एक कागद. रोज सकाळी शाळेआधी तासभर आणि रविवारी दिवसभर मी हे करत होते.

आई वैतागली होती. "उन्हात टेकाडावर हुबी ऱ्हाऊन लोकायची परसदारं बगायलीस," ती म्हणायची. "कुनी काय म्हनलं तर मी काय सांगू? माजी लेक शिकलेली हाय, म्हनून?"

परसदारांचं तिचं म्हणणं खोटं नव्हतं. गावातल्या घरांची दारं गल्ल्यांकडे, चौकांकडे, वेशीकडे होती. गढीकडे दार असलेलं घर एकही नव्हतं. जुन्या काळी तिकडून कोण येईल याची धास्ती असेल, किंवा साधं वाऱ्या-उन्हाचं कारण असेल, मला माहीत नाही. वरून दिसायच्या त्या पाठी. धुराने काळ्या झालेल्या भिंती, न्हाण्या, वाळत घातलेल्या गोवऱ्या, गच्चीवर टाकून दिलेल्या मोडक्या बाजा. मशिदीचे मिनारही मागून, मारुतीच्या देवळाचं शिखरही मागून. एस.टी. स्टँडचं पत्र्याचं छप्पर तेवढं कुठूनही सारखंच दिसत होतं. दूर दक्षिणेला गोदावरीकडची झाडी एका रेघेत. आणि अगदी पायाखाली, सगळ्यांत जवळ, सगळ्यांत मोठी, आमची वस्ती. पाच नंबरच्या कागदावर आमच्या घराची मागची भिंत होती आणि भिंतीपाशी भांडी घासत बसलेली आई. ती तिथे बसली होती, म्हणून काढली.

सोळा कागद झाल्यावर रंगवण्यासाठी सेलूहून एका चाचांना बोलावलं. ते जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर छाप मारायचे आणि हंगाम नसला की दुकानांच्या पाट्या रंगवायचे. रेघ मारण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. मांजरपाटाचा चाळीस हात लांब पट्टा शिवून घेतला, त्याला खळ आणि चुना लावला. गेरू, पिवडी, नीळ, काजळी, हे रंग डिंकात कालवले. शाळेच्या हॉलमध्ये लाकडी खांब रोवून दोरी गोल ताणली आणि पट्टा तिला असा लटकवला की तो पाहणाऱ्याच्या कमरेपासून डोक्यापर्यंत येईल. वाकून खालून आत शिरायचं, मधल्या टेबलावर चढायचं आणि वळत राहायचं, असा माझा बेत होता.

चाचांनी गाव आठ दिवसांत रंगवलं. आमची वस्ती मात्र सगळी एकाच मातकट रंगात काढून टाकली.

"चाचा, चार घरांना चुना आहे," मी म्हटलं. "एकाला नीळ आहे. कडेच्या दोघांवर पत्रे आलेत."

"दूर से सब एकच दिसतंय, बाई."

"दूर कुठे? पायाखाली आहे. चला वर, दाखवते."

ते वर आले नाहीत, पण प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना तो भाग पुन्हा जाड रंगात करायला लावला. चुन्याचा चुना, निळीची नीळ. मी शेजारी उभी राहून करून घेतलं. आईला मी सांगून ठेवलं होतं की तिचं घर चित्रात आहे, आणि ती शेवटच्या दिवशी वस्तीतल्या बायांना घेऊन येणार होती. अर्धा रोज बुडवून. आईने माझ्या कॉन्व्होकेशनलाही रोज बुडवला नव्हता.

प्रदर्शनाआधीच्या चार दिवसांत काय काय झालं ते सांगायला हवं. रंगकाम चालू असताना शिक्षक, शिपाई, पालक, वाटेने जाणारे, सगळे आत डोकावून जात होते. आत शिरल्यावर एकाही माणसाने गाव पाहिलं नाही. प्रत्येकाने स्वतःचं घर शोधलं. सापडलं की बोट लावायचं. बोट लावलं की तोंड पडायचं.

"बाई, हे आमचंच ना? मग दार कुठंय?"

"दार पलीकडे आहे."

"मग लोकांना कळणार कसं?"

"दार बघायचं असेल तर गल्लीत जा. गढीवरून दार दिसत नाही."

हे मी किती जणांना सांगितलं असेल याला गणती नाही. एकाने तर चाचांना बाजूला घेऊन पानसुपारी देऊन बघितली. हेडमास्तरांनी त्यांचं घर कडुनिंबावरून ओळखलं आणि गच्चीवरच्या बाजेवरून त्यांची खात्री पटली.

"बाई, दाराचं सोडा. निदान बाज काढता येईल का?"

"सर, घरची बाज तुम्ही गच्चीवरून काढा. मी उद्या वर जाऊन बघते, दिसली नाही तर पुसते."

ते हसले, पण बाज निघाली नाही. म्हणून चित्रातही राहिली. मला त्या वेळी स्वतःचं कौतुक वाटत होतं, हे कबूल करते. चित्र खरं आहे, एवढं एकच उत्तर माझ्याकडे होतं आणि ते सगळ्यांना पुरेल असं मला वाटत होतं.

आदल्या संध्याकाळी चाचा वस्तीवर शेवटचा हात फिरवत असताना हेडमास्तर पुन्हा आले.

"बाई, उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष येणार आहेत. ते वाकून कसे आत जातील?"

"सगळे जातील तसे."

"पाहुणा मान खाली घालून आत येतोय, बरं दिसतं का? त्यांची कंबरही धरलेली असते. जायला वाट ठेवावी लागेल. दीड-दोन हात गुंडाळून वर बांधू."

"कुठला भाग?"

त्यांनी आवाज खाली आणला. "आता ब्राह्मणआळी गुंडाळली तर ते रुसणार. मोमीनपुरा गुंडाळला तर उद्या शाळेवर माणसं येतील. बाजारपेठेने तर वर्गणी दिलीय. तुम्ही आपल्या शाळेतल्याच, म्हणून तुम्हाला हक्काने सांगतो. तुमचा भाग तसा मोठाही आलाय. देवळापेक्षा मोठा दिसतो."

"मी जिथे उभी होते तिथून तेवढाच दिसतो, सर."

"मग थोडं दुसरीकडे उभं राहायचं होतं."

त्या वेळी मी एवढाच हिशेब केला की अध्यक्ष पहिल्या दिवशी येणार आणि आई तिसऱ्या दिवशी येणार. दुसऱ्या कोणी गुंडाळलं तर घड्या घालून सत्यानाश करतील, म्हणून मी स्वतःच गुंडाळायला घेतलं.

"लपेटो नक्को, बाई," चाचा म्हणाले. "अब्बी गीला है."

"एका दिवसाचं काम आहे. सैल गुंडाळते."

सैल गुंडाळलं, पण खाली घसरायला लागलं. मग नाडीने आवळून बांधलं.

अध्यक्ष आले. ताठ मानेने आत गेले, एकदा वळले, आपल्या कारखान्याचं धुराडं कुठे आहे असं विचारलं, आणि चहा प्यायला बाहेर आले. सगळं मिळून दोन मिनिटं. त्यांच्यामागून वाट मोकळी ठेवायचं कारण उरलं नव्हतं. पण एकदा सरळ चालत जायची सवय झाल्यावर कोणी वाकायला तयार होईना. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडाळी सोडायला गेले तर हेडमास्तर म्हणाले, "राहू द्या, गर्दी आहे, नंतर बघू." मी पण म्हटलं, नंतर बघू. वर्ग होते, नाटकाची तालीम होती, जेवणाच्या पंक्तीची भांडी मोजून घ्यायची होती. तिसऱ्या दिवशी आई दुपारी येणार होती. सकाळी सोडू, असं ठरवलं.

आई सकाळीच आली.

सोबत पाच-सहा बाया. सगळ्यांनी धुतलेली लुगडी नेसलेली. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होते. मी हाक मारायच्या आत त्या वाटेतून सरळ आत गेल्या. मी धावत पोचले तेव्हा आई टेबलावर चढली होती आणि वळत होती. लोक बघत होते तशी ती बघत नव्हती. ती प्रत्येक घराच्या पाठीला ओळखत होती. "हे वान्याचं. ही न्हानी मीच सारवलेली. हितं कुत्रं बांदत्यात. हे तुज्या हेडमास्तरचं, बाज बघ कशी टाकलीय." बाया हसत होत्या. एक पूर्ण वळसा झाला. दुसरा अर्धा झाला आणि ती थांबली.

"आपलं कुठाय?"

मी वाटेकडे बोट दाखवलं. "तू आलीस ना, तिथेच."

तिने वाटेकडे पाहिलं, वर बांधलेल्या गुंडाळीकडे पाहिलं.

"म्हंजी तीन दिस समदे आपल्या घरावरून चालत आले का?"

"अध्यक्षांना वाकता येत नव्हतं."

"त्यांला न्हाई येत," आई म्हणाली. "मला येतंय की."

मी स्टुलावर चढून नाडी सोडली. गुंडाळी आपोआप उलगडायला हवी होती. ती चिकटून बसली होती. मी ओढली तेव्हा कापड फाटताना येतो तसा आवाज आला आणि डिंकासकट रंगाचे पापुद्रे निघून दुसऱ्या बाजूला लागले. चुन्याची चार घरं गेली. नीळ गेली. आमच्या घराच्या जागी मांजरपाटाचा पांढरा चट्टा उरला आणि त्याच्या कडेला आईच्या लुगड्याचा बोटभर हिरवा रंग.

एक बाई "लय वंगाळ झालं" असं म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. चाचा पाटीच्या कामाला बाजारात गेले होते, पण त्यांचे डबे खिडकीत होते. पाच नंबरचा कागद घरी, ट्रंकेत. घरी जाऊन यायला अर्धा तास लागला असता आणि बायांना कामावर जायचं होतं. मी पदर खोचला आणि ब्रश घेतला.

"मी सांगते, तू काड," आई म्हणाली आणि टेबलावरून उतरून माझ्यामागे उभी राहिली. "पैलं भित काड. हां. आता वर पत्रा. न्हाई, यवडा न्हाई, तिकडून दोन वीत सोड. लिंबाचं झाड डावीकडं. उंबऱ्याला चुना हाय, इसरू नको. तुळई काळी कर."

बाकीच्या बायाही सांगू लागल्या. माझ्या घराला निळा रंग दे, माझ्या ओट्यावर जातं आहे ते दाखव. मी भराभर रंगवत होते. माझ्या आयुष्यात मी एवढं भराभर काही काढलं नसेल. अर्ध्या तासात वस्ती उभी राहिली. पट्टा खाली सोडला, वाट बंद झाली. बाया वाकून बाहेर पडल्या, पुन्हा वाकून आत आल्या, पुन्हा बघितलं. आई हात बांधून उभी होती. "आता घर दिसतंय," ती म्हणाली.

मग हेडमास्तर वाकून आत आले. त्या दिवशी वाकलेले ते पहिलेच पुरुष. कुरकुर करत सरळ झाले, वस्तीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बाई, तुमच्या घराला दार आहे की."

मी वळून बघितलं. दार होतं. उंबरा, चौकट, उंबऱ्याला चुना, ओट्यावर जातं. निळ्या घराला दार, पत्र्याच्या घरांना दारं. आख्ख्या वस्तीला दारं. आई सांगत गेली, मी काढत गेले, आणि आईला घर म्हटलं की दारच आठवणार होतं. मलाही तेच आठवलं. महिनाभर टेकाडावर उभी राहून त्या भिंतीची पाठ चौकोना-चौकोनाने उतरवलेली मी, आणि हात मोकळा सुटल्याबरोबर समोरून काढून बसले.

"हे घाईत झालं," मी म्हटलं. "कागद आणून दुरुस्त करते."

"हात नको लावूस," आई म्हणाली.

"अगं, चुकलंय ते. वरून दार दिसत नाही."

"वर कोन ऱ्हातंय?"

हेडमास्तरांनी ते ऐकलं आणि लगेच उचललं. "बरोबर बोलल्या आई. मग आम्हीच काय पाप केलंय? चाचा आल्यावर आमच्याही घराला एक दार काढून घेतो." आणि निघता निघता म्हणाले, "बाजेवर तेवढा हात फिरवायला सांगतो."

मी नको म्हणू शकत होते. माझ्याकडे सांगायला पंधरा कागदांएवढं खरं होतं, पण त्यांच्यासमोर माझ्या घराचं दार होतं. आई बायांना घेऊन कामावर गेली. चाचा आले, त्यांनी वस्ती बघितली, माझ्याकडे बघितलं आणि डबे उघडले. दुपारभर रांग होती. ज्याला त्याला दार. कोणाला तोरण, कोणाला पितळी कडी, एका वकिलांना पाटी. रेघ मारण्यात चाचांचा हात कोणी धरला नसता, हे मी आधीच सांगितलं आहे. संध्याकाळपर्यंत आख्खं पाथरी अंगाभोवती वळून गढीकडे तोंड करून उभं राहिलं. लोक खूष होते. असं प्रदर्शन झालं नव्हतं, असं सगळे म्हणाले. मी टेबलावर उभी राहून एकदा पूर्ण वळले. असं गाव कुठेच नव्हतं. फक्त एस.टी. स्टँड खरं राहिलं होतं, कारण त्याच्यासाठी कोणी दार मागितलं नव्हतं.

पट्टा नंतर रंगमंचाच्या मागे दोन-तीन वर्षं गुंडाळून पडला होता. पुढे माझी बदली झाली. सोळा कागद मात्र माझ्याकडे आहेत.

संमेलन संपलं त्या रविवारी मी पाच नंबरचा कागद ट्रंकेतून काढून आईला दाखवला. मला तिला एकदा तरी सांगायचं होतं की मी काय काढलं होतं. तिने तो उजेडाकडे धरला, हात लांब केला, डोळे बारीक केले.

"ही कोन भांडी घासायलीय?"

"तू."

"आन हे घर?"

"आपलं. मागून."

तिने पुन्हा बघितलं. बराच वेळ बघितलं, हे खरं आहे. मग कागद उलटा करून मागची बाजूही बघितली.

"मग दार कुठाय?" ती म्हणाली.

मी कागद गुंडाळून ट्रंकेत टाकला आणि चूल पेटवायला गेले.